मोठ्या जातीचं पिल्लू, मग घाई कशाला?

गेल्या अंकात मी ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्डबद्दल एवढंच लिहिलं होतं की ही कुत्री दीड-दोन वर्षांची होईपर्यंत आतून पिल्लंच असतात, आकारावर जाऊ नका. त्यावर पारोळ्यापासून शहाद्यापर्यंत पत्रं आली, मेसेज आले, काहींनी फोटोपण पाठवले, म्हणून या वेळचं सगळं पान त्यांच्यासाठीच ठेवलंय. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय पण ते मुद्दाम, कारण थोड्याफार फरकाने तोच प्रश्न निम्म्या लोकांनी विचारलाय.

प्रश्न (पारोळा) : डॉक्टरताई, नमस्कार. आमच्याकडे ग्रेट डेनचं पिल्लू आहे, साडेतीन महिन्यांचं, नाव शेरू. पॅकेटचं पपी फूड चालू आहे पण आबांचं म्हणणं की एवढ्याने काय होतं, म्हणून ते रोज म्हशीचं दूध, तीन अंडी, तूप लावलेली पोळी आणि वरून कॅल्शियमचं औषध देतात. तरी गल्लीतले लोक म्हणतात डेन असून हडकुळा दिसतो. आता त्याचे पुढचे पाय जरा बाहेरच्या बाजूला वळल्यासारखे वाटताहेत, आबा म्हणतात मुडदूस आहे, कॅल्शियम डबल करू. करू का?

उत्तर : नका करू दादा. कॅल्शियमची बाटली आजच बंद करा आणि हे उत्तर आबांना वाचून दाखवा, कारण त्यांची माया खरी आहे आणि पिल्लासाठी काहीतरी करावं ही त्यांची तळमळ मला कळते. म्हैस व्याली की तिला कॅल्शियम लागतं हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, तिचं दुधावाटे जातं म्हणून ते भरून द्यावं लागतं. पिल्लाचं तसं नाही. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याच्या पोटात जास्तीचं कॅल्शियम गेलं तर आतडं लागेल तेवढं घेतं आणि उरलेलं शेणावाटे, म्हणजे शी-वाटे निघून जातं, पण साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हे जमत नाही, जेवढं येईल त्यातलं बरंचसं तसंच रक्तात ओढलं जातं. आणि मग हाडाच्या टोकाशी जी मऊ कूर्चा असते, जिथून हाड लांब होत जातं, तिथलं काम बिघडतं, कूर्चेचं हाड वेळेवर होत नाही, सांध्याच्या आत कूर्चेचा तुकडा सुटू शकतो, पाय वाकतात. म्हणजे ज्या पायांसाठी आबा कॅल्शियम वाढवायला निघालेत त्या पायांना कॅल्शियमनेच त्रास झालेला असू शकतो.

मुडदूस होतो तो मुख्यतः व्हिटॅमिन डी कमी पडल्याने, आणि चांगलं पॅकेट फूड खाणाऱ्या पिल्लात तो क्वचितच दिसतो. याच्या उलट टोकाचीही पिल्लं माझ्याकडे येतात, नुसतं चिकन-भात खाणारी, त्यांना कॅल्शियम खरंच कमी पडतं कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं, त्यांची हाडं ठिसूळ होतात. पण तिथेही बाटली अंदाजाने ओतायची नसते, खाणंच बदलायचं असतं.

शेरूला काय द्यायचं ते सांगते. पॅकेटवर नुसतं पपी नाही तर लार्ज ब्रीड पपी किंवा जायंट पपी असं लिहिलेलं बघा, कारण मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची वरची मर्यादा वेगळी ठेवलेली असते, कोरड्या वजनाच्या 1.8 टक्क्यांच्या वर नको, साधारण 1 ते 1.5 मध्ये असलेलं उत्तम, हा आकडा पॅकेटच्या मागे छापलेला असतो. दिवसाचं खाणं तीन वेळांत वाटून द्या. दूध बंद केलंत तरी चालेल, पुष्कळ पिल्लांना दुधाने पातळ शी होते आणि आपण जंताचं औषध बदलत बसतो. अंडं उकडून आठवड्यातून दोन-तीनदा, बस. तूप नको.

आता हडकुळा दिसण्याचं. डेनचं पिल्लू जन्मतं तेव्हा अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि वर्षभरात पन्नास किलोच्या पुढे जातं, मधल्या काळात आठवड्याला दीड-दोन किलोने वाढतं, एवढ्या वेगाने वाढणाऱ्या कोवळ्या हाडांवर चरबीचं ओझं टाकायचं का हा खरा प्रश्न आहे. 1974 साली अमेरिकेत ग्रेट डेनच्याच पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता, काही पिल्लांना हवं तेवढं खाऊ दिलं आणि काहींना त्याच्या दोन-तृतीयांश, तर पोटभर खाणाऱ्यांमध्येच हाडांचे आणि सांध्यांचे बिघाड जास्त दिसले. या गोष्टीला पन्नास वर्षं झाली तरी आपल्याकडे विकणारा अजून सांगतो की हेवी बोन पिल्लू आहे, भरपूर खिलवा म्हणजे हाड भरेल. उंची आईबापावरून ठरलेली असते हो, सावकाश वाढलेला शेरूपण तेवढाच उंच होणार, फक्त तिथे थोडा उशिरा पोचणार.

पिल्लू बरोबर आहे की बारीक हे हाताने कळतं. बरगड्यांवरून हलका हात फिरवा, बरगड्या सहज लागल्या पाहिजेत पण नजरेला टोचायला नकोत, आणि वरून बघितलं की कंबर थोडी आत गेलेली दिसली पाहिजे. गल्लीतल्या लोकांना हेच हडकुळं वाटतं. दर आठवड्याला वजन करा, घरातला काटा लवकरच पुरणार नाही, ओळखीच्या अडतीवर धान्याचा मोठा काटा असतो तिथे न्या, वहीत लिहून ठेवा, कारण जंताच्या औषधाचा डोस वजनावर असतो आणि मागच्या महिन्याच्या वजनावर दिलेला डोस या महिन्यात कमी पडतो.

आणि पाय मात्र डॉक्टरला दाखवाच, फोटोवरून मी सांगू शकत नाही. मनगटाशी सूज, हात लावला की ओरडणं, ताप, खाणं सोडणं यातलं काही असेल तर उद्यावर ढकलू नका, एक्स-रे लागेल. आज या पायाने लंगडतो, आठ दिवसांनी दुसऱ्या, असं असेल तर तो या वयातल्या मोठ्या जातींना होणारा लांब हाडांचा दाह असू शकतो, तो बहुतेक वेळा वयाबरोबर जातो, पण हे ठरवणं डॉक्टरचं काम. दुखतंय म्हणून माणसांची पेनकिलर अजिबात देऊ नका, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन काहीच नाही, त्याने कुत्र्याचं लिव्हर, किडनी, पोट खराब होतं.

प्रश्न (भुसावळ) : मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तर सेंट बर्नार्ड घेऊन देऊ असं तिच्या पप्पांनी कबूल केलंय. एका विक्रेत्याकडे चाळीस दिवसांचं पिल्लू आहे, तो म्हणतो आत्ताच न्या, लहानपणी आणलं की इथल्या उन्हाची सवय होते. आमच्याकडे कूलर आहे, एसी फक्त एका खोलीत. घ्यावं का?

उत्तर : नका घेऊ ताई. मुलीला वाईट वाटेल हे मला कळतं, म्हणूनच कारण नीट सांगते, तिलाही वाचायला द्या, ती मोठी आहे, तिला पटेल.

ही जात स्वित्झर्लंड आणि इटलीच्या हद्दीवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतली, उंची सुमारे 2,469 मीटर, तिथल्या मठातले साधू बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांना शोधायला ही कुत्री सांभाळायचे. बॅरी नावाचा त्यांचा कुत्रा 1800 ते 1814 या काळातला, त्याने चाळीसच्या वर माणसं वाचवली असं सांगतात. त्या बर्फासाठी घडलेलं अंग, दुपदरी केस, साठ-सत्तर किलो वजन, आणि आपलं भुसावळ, मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, रात्री बारालासुद्धा भिंतींना हात लावला की चटका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि अंग जेवढं अवाढव्य तेवढी आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. सवय होते हे खोटं आहे. थोडंफार अंग जुळवून घेतं, पण बर्फातलं कुत्रं भुसावळातलं होत नाही. एसी एका खोलीत आहे म्हणजे मार्च ते जून ते पिल्लू त्या एका खोलीत, आणि लाइट गेली की त्याच्या जिवावर बेतणार. मला हे कुणी विचारलं की मी नेहमी नाहीच म्हणते आणि म्हणत राहीन.

शिवाय चाळीस दिवसांचं पिल्लू विकणंच बेकायदेशीर आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबद्दलचे केंद्राचे नियम 2017 साली आले, त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेलं पिल्लू दाताचा जोर किती लावायचा हे शिकलेलंच नसतं, आणि सत्तर किलोच्या कुत्र्याला ते आलं पाहिजे. मुलीला कुत्रं हवंच असेल तर आखूड केसांचं, मध्यम आकाराचं बघा, आपल्या गल्लीतलं देशी पिल्लूसुद्धा फार गुणी निघतं, उन्हाला काटक असतं आणि दहा-बारा वर्षं सोबत करतं.

ज्यांच्या घरी सेंट बर्नार्ड आधीच आहे त्यांनी काळजी सोडू नका, पण दिनक्रम त्याच्या सोयीने लावा. फिरवणं पहाटे पाचला आणि रात्री उशिरा, डांबरी रस्त्यावर हाताची उलटी बाजू ठेवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही होत नाही. कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत छान काम करतो पण समोरची खिडकी उघडी पाहिजे, आणि पाऊस सुरू होऊन हवेत दमटपणा आला की त्याचा उपयोग फार कमी होतो, तेव्हा पंखा आणि फरशीवर ओलं गोणपाट. केस मुळापासून भादरू नका, कातडी उन्हाने भाजते, त्यापेक्षा रोज विंचरून आतला मेलेला केस काढून टाका.

आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. कुत्र्याचं नॉर्मल टेम्परेचर 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. धापा थांबतच नाहीत, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, उलटी, यातलं काही दिसलं की आधी पाणी मग गाडी. नळाचं साधं गार पाणी सगळ्या अंगावर, पोटावर, मांड्यांच्या आत ओतत राहा, पंखा जोरात लावा, ओला टॉवेल पांघरून ठेवू नका कारण त्याच्याखाली उष्णता कोंडते, तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, शुद्धीत असेल तर समोर ठेवा, प्यायलं तर पिऊ द्या. टेम्परेचर 103 पर्यंत उतरलं की पाणी थांबवा आणि दवाखान्यात न्या, जाताना खिडक्या उघड्या ठेवा किंवा एसी लावा. नंतर बरं वाटलं तरी न्याच, आतल्या अवयवांवर झालेला परिणाम दुसऱ्या दिवशीही दिसू शकतो.

प्रश्न (शिरपूर) : आमची राणी पाच महिन्यांची ग्रेट डेन. अंगावर उड्या मारते, हात तोंडात धरते, दोरी लावली की ओढत नेते. परवा दारात आजीच्या अंगावर उडी मारली आणि आजी पडल्या, नशीब की फक्त मुका मार लागला. आजी म्हणतात, हाई कुत्रं शे का वासरू, बांधी ठेवा. बांधून ठेवली की रात्रभर रडते. मारून बघितलं, त्याने जास्त चावते.

उत्तर : आजींची तब्येत आधी. या वयात पडणं लहान गोष्ट नाही, कंबर किंवा मांडी दुखत असेल तर एक्स-रे काढून घ्या. आणि राणीला मारणं आजपासून बंद, मारलेला कुत्रा हात बघून घाबरतो आणि घाबरलेला मोठा कुत्रा धोकादायक होतो.

राणी वाईट नाही, तिला उडी मारली की माणसं बोलतात, हात लावतात, हसतात हे तुम्हीच सगळ्यांनी शिकवलंय, ती दहा किलोची होती तेव्हा ते गोड वाटत होतं. आता उलटं शिकवायचं. तिने उडी मारली की कुणी बोलायचं नाही, ढकलायचं नाही, बघायचंही नाही, पाठ फिरवून उभं राहायचं, आणि ज्या क्षणी चारही पाय जमिनीवर येतील त्याच क्षणी लाड आणि खाऊचा दाणा. बसायला शिकवा आणि मग दारात कुणीही आलं तरी आधी बसायचं, बसली तरच भेट. हे घरातल्या प्रत्येकाने पाळलं पाहिजे, घरी चौघांनी पाळलं आणि एकट्या दादाने येताजाता कुस्ती खेळली तर ती कुस्तीच लक्षात ठेवते. आजींसाठी मधल्या काळात एक छोटं फाटक करून घ्या, सुताराकडून दारात लावायचं लाकडी आडण, म्हणजे आजी ओट्यावर निवांत बसतील आणि राणीला त्या दिसतीलही. रडते ती एकटी पडल्यामुळे. तिला घरात माणसांजवळ झोपायला जागा द्या.

हात तोंडात धरण्याचं कारण दात. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात. फ्रिजमधलं गार मोठं गाजर, ओला करून फ्रीजरमध्ये ठेवलेला सुती कपडा, जाड रबरी खेळणं हे द्या, हात तोंडात आला की खेळ तिथेच थांबवा. शिजवलेली हाडं मात्र देऊ नका, त्यांच्या कपच्या होतात आणि आतड्यात घुसतात. ओढण्यासाठी गळपट्ट्याऐवजी छातीवर पुढून कडी असलेला हार्नेस वापरा, दोरी ताणली की थांबायचं, सैल झाली की चालायचं, पहिले काही दिवस गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा पोचणार नाही तुम्ही, पण थांबत राहा. हे सगळं आत्ता तीस-पस्तीस किलोत करायचंय, वर्षाची झाली की तिला अडवणं कुणाच्याही हातात राहणार नाही, म्हणूनच मोठ्या जातीचं शिकवणं पिल्लू घरी आलं त्याच दिवसापासून सुरू करायचं असतं.

ज्यांची पिल्लं अजून तीन महिन्यांच्या आतली आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे शांतपणे बघतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. ट्रॅक्टर, बैल, बुरखा, हेल्मेट, काठी घेऊन चालणारे म्हातारे बाबा, शाळेतली पोरं, लग्नाचा बँड लांबून, हे सगळं उचलून घेऊन किंवा गाडीत बसवून दाखवा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही कारण पार्व्हो या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या रोगाची भीती असते, पण घरात कोंडून ठेवायचंही नाही. लसी सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर.

प्रश्न (धुळे) : माझा मास्टिफ सात महिन्यांचा झाला. स्टॅमिना यावा म्हणून त्याला बाइकच्या मागे दोन-तीन किलोमीटर पळवतो. मित्र म्हणतात चांगलं आहे, मॅडम तुम्ही काय म्हणता?

उत्तर : लगेच थांबवा भाऊ. त्याच्या हाडांची वाढ अजून सुरू आहे, एवढ्या मोठ्या जातींमध्ये ती दीड ते दोन वर्षांपर्यंत पूर्ण होते, आणि बाइकच्या वेगाने डांबरावर पळताना त्याला दमला तरी थांबता येत नाही. त्याला मोकळं सोडा, पांझरेच्या काठाला किंवा शेतात, तो पळेल, लोळेल, थकला की स्वतःच बसेल, तोच या वयातला योग्य व्यायाम. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, तिथे पळू देऊ नका, पाय अडकून मोडू शकतो. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर येण्याजाण्याच्या वाटेवर तरट किंवा रबरी मॅट टाका, घसरत मोठं होणारं पिल्लू सांध्यांचं नुकसान करून घेतं, आणि गच्चीच्या जिन्याचे फेरे टाळा. झोपायला जाड गादी, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात आणि कधी पाणी भरतं.

प्रश्न (चाळीसगाव तालुका) : आम्ही मळ्यात राहतो, केळी आणि कपाशी आहे. डेनची जोडी आणलीय, पाच महिन्यांची. कुणीतरी सांगितलं डेनचं पोट फुगून तो दोन-चार तासांत मरतो. हे खरं आहे का? आमच्याकडे गुरांचं पोट फुगलं की गोडं तेल पाजतो, तसं केलं तर चालेल का?

उत्तर : खरं आहे, आणि तेल पाजून चालणार नाही. गाईम्हशीत गॅस साठतो, फेस होतो, तेलाने तो फेस मोडतो, म्हणून तो उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. कुत्र्यात गॅसने फुगलेलं पोट स्वतःभोवती पिळवटून जातं, वरचं तोंडही बंद आणि खालचंही, आत काही जात नाही आणि बाहेर काही येत नाही. तेल पाजलं तर ते श्वासनळीतून फुप्फुसात जाण्याचीच भीती. सोडा, इनो, हिंगाचं पाणी, ओवा, यातलं काहीच नको. पिळा पडला की पोटाचा आणि पाठोपाठ प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, म्हणून तासांचा हिशोब असतो, आणि उपाय एकच, ऑपरेशन.

ओळखायचं कसं? सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे उलटीचा उमाळा पुन्हा पुन्हा येतो आणि बाहेर काहीच पडत नाही, पडला तर थोडा फेस. जोडीला अस्वस्थपणा, एका जागी बसवत नाही, वळून पोटाकडे बघतो, लाळ गळते, बरगड्यांच्या मागे पोट ताठ होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. डेनमध्ये छाती खोल असल्याने पोट फुगलेलं उशिरा दिसतं, म्हणून फुगण्याची वाट बघत बसू नका, कोरडा उमाळा दिसला की निघा.

पाच महिन्यांच्या पिल्लात हे सहसा होत नाही, वयाबरोबर धोका वाढत जातो, म्हणजे तुमच्याकडे तयारीला वेळ आहे आणि ती आत्ताच करा. चाळीसगावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना जाऊन भेटा आणि विचारा की रात्री कुत्र्याच्या पोटाचं ऑपरेशन जवळ कुठे होतं, जळगाव, धुळे, नाशिक, संभाजीनगर, जिथे होत असेल तिथला नंबर आधी फोन करून खात्री करून मोबाइलमध्ये सेव्ह करा, मळ्यात रेंज येत नसेल तर भिंतीवर लिहून ठेवा. दोघांना गाडीत चढायला आत्तापासून शिकवा, फळी लावून, कारण साठ किलोचा वेदनेत असलेला कुत्रा उचलणं दोन माणसांनाही जड जातं. तोवर एक मजबूत गोधडी हाताशी ठेवा, चौघांनी चार टोकं धरून नेता येतं.

टाळण्यासाठी दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत वाटून द्यायचं, एकदम ढीगभर नाही, घाईघाईने गिळत असतील तर दोघांना वेगवेगळं खाऊ घाला, खाण्याच्या आधी आणि नंतर तासभर दंगा नको. भांडं उंचावर ठेवा म्हणजे फुगत नाही असं पूर्वी सांगायचे, पण 2000 साली पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला त्यात उंच भांड्यातून खाणाऱ्यांना धोका जास्तच दिसला, म्हणून भांडं जमिनीवर. तुमच्या पिल्लांच्या आईबापांना किंवा भावंडांना हे झालंय का हे ब्रीडरला विचारा, घराण्यात असेल तर धोका वाढतो. आणि डेनसाठी मी आवर्जून सांगते ते म्हणजे जठर, म्हणजे अन्नाची पिशवी, आतून पोटाच्या भिंतीला शिवून टाकण्याचं ऑपरेशन, मादीची नसबंदी करताना ते त्याच भुलीत होतं, त्यानंतर गॅस झाला तरी पिळा पडायची शक्यता फारच कमी होते.

मळ्यातलं आणखी थोडं. फवारणीची औषधं, उंदरांचं विष, रिकामे डबे कुलपात, फवारणी झालेल्या कपाशीत पिल्लांना सोडू नका. ठिबकच्या नळ्या ही पिल्लं चावणारच, त्यांना चघळायला दुसरं काही द्या, आणि ज्या दिवशी नळ्यांतून खत सोडता त्या दिवशी तर पिल्लांना बांधून ठेवा. विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधा. गोचीड रोज बघा, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गोचीडताप आपल्या भागात भरपूर आहे, ताप आला, खाणं सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या तर रक्त तपासून घ्या. गुरांवर मारायचं गोचिडाचं औषध पिल्लांच्या अंगावर मारू नका.

प्रश्न (शहादा) : घरचं भरीत-भाकरी पिल्लाला आवडीने चालतं. द्यावं का?

उत्तर : भाकरीचा तुकडा चालेल, भरीत नको. त्यात कांद्याची पात आणि लसूण असतो, दोन्हीने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवलं तरी फरक पडत नाही. शेवभाजीचा रस्सा, वरणबट्टीच्या पंगतीतलं उरलेलं, हेही तसंच. द्राक्षं, मनुका, चॉकलेट पूर्ण बंद. आणि उन्हाळ्यात बाजेवर वाळत घातलेली बिबडी या पिल्लांच्या बरोबर तोंडाशी येतात, तेव्हा बाज गच्चीवर न्या आणि दार लावून घ्या.

प्रश्न (जळगाव) : सहा महिन्यांच्या नर डेनची नसबंदी आत्ता करावी का? आणि हा किती वर्षं जगेल? खर्चाचाही अंदाज द्या.

उत्तर : आत्ता नको. हाडांची वाढ थांबवण्यात शरीरातल्या हार्मोन्सचा वाटा असतो, लवकर नसबंदी केली तर हाडं जास्त काळ लांब होत राहतात आणि सांध्यांचे त्रास वाढू शकतात, म्हणून एवढ्या मोठ्या जातीत दीड-दोन वर्षांपर्यंत थांबावं असं माझं मत, तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षं. एवढं लहान का, असं मुलं विचारतात, त्यांना खरं तेच सांगा, मोठ्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात, हृदयाचा आजार आणि हाडाचा कॅन्सर त्यांच्यात जास्त दिसतो, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा हृदयाची तपासणी करून घ्या. खर्चाचा आकडा मी देत नाही, पण हिशोब असा लावा की वाढत्या वयात महिन्याला वीस-पंचवीस किलो कोरडं खाणं लागतं, आणि जंताचं औषध, गोचिडाची गोळी, अँटिबायोटिक, भूल, सगळं वजनावर असल्यामुळे लॅब्राडोरच्या दुप्पट धरा. दर महिन्याला थोडी रक्कम त्याच्या नावाने वेगळी टाकत चला, म्हणजे रात्री ऑपरेशनची वेळ आली तर पैशांसाठी सकाळपर्यंत थांबावं लागणार नाही.